यजमान सर्व्हरची डिस्क कां भरते ?

आमच्या शाळेच्या संगणक-खोलींत, खिडकीपासून दूरच्या कोपऱ्यांत, एक काळी पेटी रात्रंदिवस मंद आवाज करीत चालू असते. बहुतेक विद्यार्थ्यांनीं ती पाहिली आहे. परंतु ती काय करते हें विचारणारे थोडे. प्रवेशाची नोंदवही, फीचा हिशेब, ग्रंथालयाची सूची, परीक्षांचे गुण आणि संगणकाच्या तासाला विद्यार्थी जें काम करितात तें सारें तिच्या पोटांत असतें. ही पेटी १३ जानेवारी २०२५ रोजीं, सोमवारीं सकाळीं, अडून बसली. ती कां अडली, तिचा दोष आम्हीं कसा शोधिला, आणि त्या शोधांत आमच्याच हातून कोणती चूक झाली, हें विद्यार्थ्यांस व पालकांस सांगावें या हेतूनें हा लेख लिहिला आहे. अशा पेट्या आतां जालना जिल्ह्यांतील बँकांत, बियाण्यांच्या कंपन्यांत, लोखंडाच्या कारखान्यांत आणि दवाखान्यांत ठिकठिकाणीं आहेत. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांस उद्यां त्यांचीच निगा राखावी लागेल. तेव्हां हा विषय केवळ शिक्षकांच्या अडचणीचा आहे असें कोणीं समजूं नये.

वाडा आणि बिऱ्हाडें

प्रथम या पेटीचें स्वरूप समजून घेऊं. जुन्या जालन्यांत किंवा कादराबादेंत एखाद्या मोठ्या वाड्यांत चार-पांच बिऱ्हाडें राहतात. प्रत्येकाची चूल वेगळी, कुलूप वेगळें, हिशेब वेगळा. परंतु जोतें, छप्पर आणि विहीर एकच. वाड्याचा मालक देवडीशेजारच्या लहानशा खोलींत राहतो आणि सर्वांस पाणी व दिवा पुरवितो. आमचा सर्व्हर हा असाच वाडा होय. एकाच लोखंडी यंत्रांत चार निरनिराळीं यंत्रें आहेत असा भास निर्माण केलेला असतो. यांस व्हर्च्युअल मशीन म्हणतात. प्रत्येकास वाटतें कीं सर्व यंत्र आपलेंच आहे. शेजाऱ्याची त्यास वार्ताहि नसते. ज्या यंत्रावर हीं सारीं राहतात त्यास इंग्रजींत होस्ट आणि राहणारांस गेस्ट म्हणतात. आपण यजमान आणि पाहुणे हे आपले जुनेच शब्द वापरूं.

ही युक्ति नवी नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील केंब्रिज येथें आयबीएम कंपनीच्या तज्ज्ञांनीं ती प्रथम प्रत्यक्षांत आणिली, आणि १९७२ सालीं त्याच कंपनीनें व्हीएम/३७० या नांवानें ती गिऱ्हाइकांपुढें ठेविली. त्या काळीं एका संगणकास एक मोठी खोली लागे व त्याची किंमत थोड्याच संस्थांस परवडे. म्हणून एकाच यंत्राचीं अनेक यंत्रें करण्याची गरज पडली. पुढें यंत्रें स्वस्त झालीं, परंतु युक्ति टिकली. २००७ सालीं लिनक्सच्या गाभ्यांतच केव्हीएम या नांवानें तिचा समावेश झाला, आणि २००८ सालीं व्हिएन्ना येथील एका कंपनीनें प्रॉक्समॉक्स ही प्रणाली प्रसिद्ध केली. ती विनामूल्य वापरतां येत असल्यामुळें आमच्यासारख्या शाळांस सोयीची झाली आहे. आमचा यजमान याच प्रणालीवर चालतो.

या वाड्यांतील जागेची वांटणी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढचें सर्व तिच्यावर अवलंबून आहे. पेटींत एक टेराबाइटची एकच डिस्क आहे. प्रणाली बसवितांना तिचे दोन मुख्य भाग पडले. त्यांपैकीं लहान भाग यजमानाचा स्वतःचा. आमच्या येथें तो ९४ गिगाबाइटचा आहे. यजमानाची प्रणाली, तिच्या दैनंदिन नोंदी आणि कोणता पाहुणा कोठें राहतो याची टिपणें हें सारें त्यांत असतें. यास आपण मूळ भाग म्हणूं. उरलेला मोठा भाग पाहुण्यांच्या डिस्कांसाठीं. याखेरीज पेटीबाहेर, तारेनें जोडलेली, दुसरी एक डिस्क आहे. दर रविवारीं रात्रीं चारी पाहुण्यांची प्रत, म्हणजे बॅकअप, तिच्यावर जावी अशी योजना होती. ही योजना कागदावर निर्दोष होती.

सोमवारची सकाळ

त्या सोमवारीं दहावीच्या पूर्वपरीक्षेचे गुण भरून पुरे करावयाचे होते. दुसरे दिवशीं संक्रांत. म्हणून लेखनिक सकाळीं साडेसातलाच येऊन बसले. गुणांचें यंत्र शनिवारीं बंद करून ठेविलें होतें. आम्ही तें सुरू करावयास गेलों, तों यजमानानें आम्हांसच आंत घेण्याचें नाकारिलें. पासवर्ड बरोबर होता. तीनदां तपासून घातला. तरी उत्तर तेंच. चमत्कार असा कीं, ग्रंथालयाचें व फीचें यंत्र सुरळीत चालू होतें. म्हणजे वाड्यांतील बिऱ्हाडें सुखांत, आणि मालकाचेंच दार बंद !

शेवटीं पेटीसच पडदा व कळफलक जोडून आम्ही मुख्य अधिकाराच्या नांवानें आंत शिरलों. तेथें एकच वाक्य पुनःपुन्हां उमटत होतें : “नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस.” डिस्कवर जागा उरली नाहीं, असा त्याचा अर्थ.

येथें एक शंका साहजिक आहे. जागा भरली तर नवी फाइल ठेवतां येऊं नये, हें समजतें. परंतु पासवर्ड कां नाकारावा? याचें कारण असें कीं, यजमान कोणासहि आंत घेतांना कांहीं लहान नोंदी लिहितो : कोण आला, केव्हां आला, त्यास किती वेळाचा परवाना दिला. पाहुण्यास उठविण्यापूर्वीहि त्यास असेंच कांहीं लिहावें लागतें. शाई संपलेला कारकून जसा कोणताच अर्ज दाखल करून घेऊं शकत नाहीं, तशी त्याची स्थिति होते. जे पाहुणे आधींच चालू होते, त्यांच्या डिस्का दुसऱ्या भागांत असल्यामुळें त्यांस झळ लागली नाहीं.

लेखनिक म्हणाले, “सर, एकदां बंद करून चालू करूं या का ? मोबाइल अडला कीं मी तसेंच करितों.”

आम्ही म्हणालों, “थांबा. आतां दोन यंत्रें तरी चालू आहेत. बंद केलीं तर तींहि पुन्हां उठतील याची खात्री नाहीं.”

हा सल्ला भित्रेपणाचा नव्हता. पाहुण्यांची सर्व टिपणें यजमान एका लहानशा कोष्टक-संग्रहांत ठेवितो, आणि तो संग्रह मूळ भागांतच असतो. डिस्क भरलेली असतां यंत्र नव्यानें सुरू केलें, तर तो संग्रह उघडण्याचेंच काम अडण्याचा संभव असतो. मग यजमान उठतो, परंतु आपल्या घरीं पाहुणे कोण याचेंच त्यास विस्मरण होतें. तेव्हां पहिला नियम हा कीं, डिस्क भरली असतां यंत्र घाईनें बंद करूं नये.

इतक्यांत आमचें लक्ष बाहेरच्या डिस्ककडे गेलें. तिचा दिवा विझलेला होता; तार सैल झाली होती. आम्हीं तार नीट बसविली, आज्ञा देऊन डिस्क नेहमींच्या जागीं जोडून घेतली, आणि दिवा लागलेला पाहून आम्हांस समाधान वाटलें. वाचकहो, हीच ती आमची चूक. ती कशी, हें लवकरच कळेल.

बेरीज जुळत नाहीं

भरलेल्या डिस्कचा शोध म्हणजे वस्तुतः वजाबाकीचें व बेरजेचें उदाहरण आहे. पहिला प्रश्न असा : कोणता भाग भरला ? हें डी-एफ नांवाची आज्ञा सांगते. ती प्रत्येक भागाची एकूण जागा, वापरलेली जागा व शिल्लक जागा दाखविते. आमच्या येथें पाहुण्यांचा भाग निम्म्याहून रिकामा होता. मूळ भाग मात्र ९४ पैकीं ९४, शिल्लक शून्य.

दुसरा प्रश्न : त्या भागांत कोणीं किती जागा घेतली ? हें डी-यू ही आज्ञा सांगते. ती एकेका फोल्डरांत शिरून आंतील फाइलींची बेरीज करिते. तिला ‘याच भागांत राहा, दुसऱ्या डिस्कवर जाऊं नको’ अशी सूचना अवश्य द्यावी; नाहींतर बाहेर जोडलेल्या डिस्काहि मोजल्या जाऊन आकडा फुगतो. वरच्या फोल्डरापासून आरंभ करून, जो सर्वांत मोठा त्यांत उतरावें, पुन्हां त्यांतील सर्वांत मोठा पाहावा, असें करीत गेलें म्हणजे बहुधा पांच मिनिटांत अपराधी सांपडतो. पुष्कळदां तो ‘व्हार’ या फोल्डराखालीं असतो, कारण वाढत जाणाऱ्या वस्तु तेथें राहतात : नोंदी, उतरवून घेतलेलीं पॅकेजें, प्रणाली बसविण्यासाठीं ठेविलेल्या मोठ्या प्रतिमा, आणि कधीं बॅकअप.

त्या वेळीं नववीची तुकडी संगणकाच्या तासासाठीं आली होती. त्यांस परत पाठविण्याऐवजीं आम्हीं आकडे फळ्यावर लिहिले : ‘व्हार’ ६ गिगाबाइट, ‘यूएसआर’ ४, बाकी सर्व मिळून १. क्षणभर कोणीच बोललें नाहीं. मग मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली व म्हणाली, “सर, बेरीज जुळत नाहीं. हे तर अकराच झाले. ८३ कोठें गेले ?”

त्या दिवशींचा खरा प्रश्न तोच होता, आणि तो आमच्या आधीं तिनें विचारिला. एक आज्ञा म्हणते ९४ भरले. दुसरी म्हणते फाइली ११ गिगाबाइटच्याच आहेत. दोन्ही आज्ञा खऱ्या बोलतात. डी-एफ ही डिस्कच्या जमाखर्चाचें एकूण वाचते. डी-यू ही ज्या फाइली नांवानें दिसतात त्यांचीच बेरीज करिते. म्हणजे जागा व्यापणारें परंतु न दिसणारें कांहीं तरी तेथें असलें पाहिजे. असें न दिसणारें दोन प्रकारचें असतें.

पहिला प्रकार असा. एखादी फाइल आपण खोडून टाकितों, परंतु एखादा चालू प्रोग्राम ती अद्याप उघडून बसलेला असतो. नांव नाहींसें होतें, जागा मात्र सुटत नाहीं. भाडेकरूचें नांव वहींतून काढिलें, परंतु तो खोलींतच राहत आहे, असा हा प्रकार. मोठी नोंद-फाइल घाईनें खोडणारांस हा अनुभव हटकून येतो. ते म्हणतात, ‘खोडली तरी जागा झाली नाहीं.’ एल-एस-ओ-एफ ही आज्ञा अशा उघड्या फाइलींची यादी देते, आणि तो प्रोग्राम नव्यानें सुरू केला म्हणजे जागा मोकळी होते. आम्हीं ही यादी काढिली. तींत विशेष कांहीं नव्हतें.

दुसरा प्रकार समजण्यासाठीं डिस्क ‘माउंट करणें’ म्हणजे काय हें पाहिलें पाहिजे. लिनक्समध्यें बाहेरची डिस्क वेगळ्या अक्षरानें दिसत नाहीं. ती एखाद्या रिकाम्या फोल्डरावर जोडतात. जोडल्यावर त्या फोल्डरांत शिरणारा त्या डिस्कवर जातो. डिस्क जोडलेली नसेल, तर तेंच फोल्डर यजमानाच्या मूळ भागांतील एक साधें फोल्डर असतें, आणि त्यांत ठेविलेली वस्तु मूळ भागांतच राहते. आतां असें समजा कीं, भिंतींतील कोनाड्यांत कोणीं भांडीं भरून ठेविलीं, आणि नंतर त्या कोनाड्यापुढें कपाट आणून उभें केलें. कपाट उघडलें तर कपाटांतील वस्तु दिसतात. कोनाड्यांतील भांडीं तेथेंच असतात, पण तीं कोणास दिसत नाहींत.

आमच्या येथें नेमकें हेंच झालें होतें, आणि कपाट आणून उभें करणारे आम्हीच होतों !

कोनाड्यांत काय सांपडलें

दिवाळीच्या सुटींत खोलीची झाडलोट झाली. त्यासाठीं पेटी बंद केली, टेबल सरकविलें, आणि तेव्हां बाहेरच्या डिस्कची तार सैल झाली. यंत्र पुन्हां सुरू झालें तेव्हां ती डिस्क सांपडली नाहीं. आम्हीं पूर्वीं अशी सूचना देऊन ठेविली होती कीं, बाहेरची डिस्क न मिळाल्यास अडून न राहतां पुढें जावें. त्याप्रमाणें यजमान निमूटपणें पुढें गेला. रविवारीं रात्रीं बॅकअपची वेळ झाली. फोल्डर होतें, डिस्क नव्हती. बॅकअप त्या रिकाम्या फोल्डरांत, म्हणजे मूळ भागांतच, लिहिला गेला. ३ नोव्हेंबर २०२४ पासून १२ जानेवारीपर्यंत अकरा रविवार येतात. प्रत्येक वेळचा बॅकअप सुमारें ८ गिगाबाइटचा. दहा रविवारांचे ८० झाले. अकराव्या रविवारीं ३ गिगाबाइट लिहून होतांच जागा संपली. ८० आणि ३ मिळून ८३. नववीच्या वर्गास हिशेब मिळाला.

लिनक्समध्यें डिस्क बांधितांना साधारणतः शेंकडा ५ इतकी जागा मुख्य अधिकाऱ्यासाठीं राखून ठेवितात, म्हणजे साध्या वापरणारांनीं डिस्क भरली तरी दुरुस्तीस थोडा अवकाश राहावा. परंतु बॅकअपचें काम मुख्य अधिकारानेंच चालतें. म्हणून त्यानें तो राखीव भागहि खाऊन टाकिला होता.

येथें विद्यार्थ्यांनीं क्षणभर थांबावें. दर सोमवारीं सकाळीं आम्हांस ‘बॅकअप यशस्वी’ असा निरोप येत असे, आणि तो खोटा नव्हता. प्रत खरोखरच होत होती. परंतु ती मूळ वस्तूच्याच डिस्कवर ठेविली जात होती. त्या दहा आठवड्यांत ती एक डिस्क बिघडली असती, तर गुण, फीचा हिशेब व ग्रंथालयाची सूची यांबरोबर त्यांच्या सर्व ताज्या प्रतीहि नष्ट झाल्या असत्या. हातीं उरले असते ते ऑक्टोबरचे बॅकअप. दिवाळीनंतरच्या नोंदींपैकीं शिक्षकांच्या शाईच्या गुणवह्या तेवढ्या वांचल्या असत्या. म्हणून आम्ही म्हणतों कीं, डिस्क भरली हा अपघात आमच्या उपयोगीं पडला. ती आणखी मोठी असती, तर हा दोष आणखी कित्येक महिने झांकून राहिला असता.

आतां उपाय. कोनाडा पाहावयाचा तर कपाट बाजूस सरकवावें, अथवा भिंतीच्या दुसऱ्या बाजूनें पाहावें. आम्हीं दुसरा मार्ग घेतला : मूळ भाग आणखी एका फोल्डरावर दुसऱ्यांदा जोडला. अशा रीतीनें जोडलें असतां केवळ मूळ भाग दिसतो, त्यावर उभ्या केलेल्या इतर डिस्का दिसत नाहींत. तेथें ८३ गिगाबाइटचे बॅकअप ओळीनें पडलेले होते.

खोडण्याची इच्छा फार होते, कारण बाहेर गुण भरणारे खोळंबलेले असतात. तथापि आम्हीं प्रथम अकराव्या रविवारचे अपुरे ३ गिगाबाइट तेवढे काढिले. ते कोणत्याहि उपयोगाचे नव्हते. तेवढ्यानें यजमानास श्वास घेतां आला. त्याच्या सेवा नव्यानें सुरू केल्यावर प्रवेश मिळाला व गुणांचें यंत्र उठलें. त्यानंतर शेवटच्या तीन रविवारांचे बॅकअप बाहेरच्या डिस्कवर नेले, मूळ फाइल व प्रत यांचे गणिती ठसे ताडून पाहिले, आणि ते जुळल्यावरच कोनाड्यांतील फाइली खोडल्या. शेवटीं ग्रंथालयाच्या यंत्राचा बॅकअप वेगळ्या क्रमांकानें उभा करून, त्यांत एका पुस्तकाचें नांव शोधून पाहिलें. तें सांपडलें. बॅकअप उघडून पाहिल्यावांचून त्यास बॅकअप म्हणूं नये.

दोन निराळे दोष

याच नांवाखालीं येणारे आणखी दोन दोष थोडक्यांत सांगतों. कधीं असें होतें कीं, जागा शिल्लक दिसते, तरीहि ‘जागा नाहीं’ असाच निरोप येतो. कारण प्रत्येक फाइलीस वहींत एक ओळ लागते, आणि ईएक्स्टी४ या नेहमींच्या पद्धतींत त्या ओळींची संख्या डिस्क बांधितांनाच ठरते. लाखों लहान फाइली सांचल्या तर कोठार अर्धें रिकामें असतांहि वही भरते. या ओळींस आय-नोड म्हणतात. डी-एफ आज्ञेस वेगळी खूण दिली असतां त्यांची मोजदाद मिळते.

दुसरा दोष पाहुण्यांच्या भागाचा, आणि तो अधिक घातक. तेथें प्रत्येक पाहुण्यास जागेचें केवळ वचन देतां येतें. प्रत्यक्ष जागा तो लिहील तशी मिळते. यामुळें ४०० गिगाबाइटच्या कोठारांतून ६०० ची वचनें देतां येतात. सर्वांनीं एकाच वेळीं मागणी केली नाहीं तोंवर सारें ठीक असतें. विहिरीस पाणी चार मोटांचें आणि शब्द दिला सहा जणांस, असा हा व्यवहार होय. कोठार संपलें कीं चालू पाहुण्यांचें लिहिणें अर्ध्यावर तुटतें, आणि त्यांच्या आंतील फाइली बिघडूं शकतात. म्हणून यजमानाच्या मूळ भागाइतकेंच या कोठारावरहि लक्ष असावें, आणि पाहुण्यांचीं जुनीं स्नॅपशॉट, म्हणजे मध्येंच टिपून ठेविलेल्या स्थिति, काम झाल्यावर काढून टाकाव्या.

मोठ्यांच्या घरीं हेंच

हा दोष लहान शाळांच्याच वांट्यास येतो असें नाहीं. २००४ सालच्या जानेवारींत अमेरिकेच्या नासा संस्थेचें स्पिरिट नांवाचें यान मंगळावर उतरून थोडे दिवस झाले होते, तोंच तें एकाएकीं नीट बोलेनासें झालें व पुनःपुन्हां बंद होऊन सुरू होऊं लागलें. त्याच्या स्मृतींत फाइलींची संख्या इतकी वाढली होती कीं, सुरू होतांना त्यांची व्यवस्था लावण्याचें काम पुरेंच होत नसे. तज्ज्ञांनीं पृथ्वीवरून आज्ञा पाठवून यानास ती फाइल-व्यवस्था न वाचतां सुरू होण्यास लाविलें, अनावश्यक फाइली काढिल्या, आणि पुढें ती स्मृति नव्यानें बांधिली. त्यानंतर तें यान २०१० पर्यंत काम करीत होतें.

२०२३ सालच्या ऑगस्टांत जपानांतील टोयोटा कंपनीचे तेथील चौदाहि मोटार-कारखाने थांबले. देखभालीच्या वेळीं सर्व्हरांवरील डिस्कची जागा अपुरी पडून सुट्या भागांची मागणी नोंदविणारी व्यवस्था अडली, असें कंपनीनें स्वतः जाहीर केलें. त्यांत आमच्या दृष्टीनें अत्यंत बोधप्रद गोष्ट अशी कीं, पर्यायी सर्व्हरहि त्याच व्यवस्थेवर चालत असल्यामुळें तोहि त्याच कारणानें अडला. अडचणीच्या वेळीं उपयोगीं पडावयाची वस्तु मूळ वस्तूच्याच आश्रयास ठेवूं नये, हा धडा नागोयाजवळच्या कंपनीस काय किंवा कुंडलिकेच्या कांठच्या शाळेस काय, सारखाच लागू आहे.

आम्हीं केलेली व्यवस्था

त्या आठवड्यांत आम्हीं पुढील गोष्टी केल्या. ज्यांच्याकडे असा सर्व्हर असेल त्यांनींहि कराव्या अशी विनंति आहे.

१. बॅकअपच्या फोल्डराविषयीं यजमानास सांगून ठेविलें कीं, येथें बाहेरची डिस्क प्रत्यक्ष जोडलेली असेल तरच लिहावें, नाहींतर काम अयशस्वी म्हणून कळवावें. प्रॉक्समॉक्समध्यें यासाठीं ‘इज माउंटपॉइंट’ नांवाची सोय आहे. शिवाय डिस्क काढून घेऊन त्या रिकाम्या फोल्डरासच न लिहितां येण्याची खूण केली. कोनाड्यास जणुं फळी ठोकली.

२. किती बॅकअप ठेवावयाचे याची संख्या ठरवून दिली. त्याहून जुना आपोआप काढला जातो.

३. यजमानाच्या दैनंदिन नोंदींस मर्यादा घातली. लिनक्सची नोंद-व्यवस्था बहुधा डिस्कच्या दहाव्या हिश्शापर्यंत, परंतु ४ गिगाबाइटांपलीकडे नाहीं, अशी मर्यादा आपणच पाळते. आम्हांस १ गिगाबाइट पुरे झाला.

४. मूळ भाग शेंकडा ८० भरतांच निरोप यावा असें केलें. त्याहून महत्त्वाचें म्हणजे, सोमवारीं बॅकअपचा निरोप न आल्यास तोहि दोष समजावा असें लेखनिकांशीं ठरविलें. त्या १३ जानेवारीस निरोप आलाच नव्हता, आणि आमच्या तें लक्षांतहि आलें नव्हतें.

५. प्रत्येक सत्रांत एकदां एक बॅकअप उभा करून, उघडून पाहावयाचा. हें काम नववीच्या विद्यार्थ्यांकडे दिलें आहे. पहिल्या वेळीं तें बेरीज न जुळल्याचें सांगणाऱ्या मुलीनें केलें.

असो. पालकांस कदाचित् वाटेल कीं आपल्या घरीं सर्व्हर नाहीं, मग या खटाटोपाशीं आपला काय संबंध ? परंतु मोबाइल प्रत्येक घरीं आहे, आणि तो भरला कीं आपण काय करितों ? हातास लागेल तें छायाचित्र खोडतों. त्याऐवजीं आधीं आंत कोणीं किती जागा घेतली तें पाहावें, जें राखावयाचें तें दुसऱ्या जागीं नेऊन उघडून पाहावें, आणि मग खोडावें. रीत तीच आहे.

निजामी अमदानींत बांधलेल्या घाणेवाडीच्या तलावांत वर्षानुवर्षें गाळ सांचत गेला. वरून पाहणारास पाणी दिसे. तळाशीं जागा किती उरली हें दिसत नसे. दुष्काळानें पाणी आटलें तेव्हां तळ उघडा पडला, आणि जालनेकरांनीं पुढाकार घेऊन गाळ काढण्याचें काम हातीं घेतलें. गाळ काढणारांस पुन्हां गाळ कोठून येतो याचाहि विचार करावा लागतो. आमच्या विद्यार्थ्यांनीं तेवढी एक गोष्ट या लेखांतून घेतली तरी पुरे आहे. जागा भरली असें दिसतांच खोडावयास धावूं नये; प्रथम बेरीज करावी, आणि ती जुळत नसेल तर त्या मुलीप्रमाणें उभें राहून तसें सांगावें.